सांधेदुखीमागे दडलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव

गुडघे दुखू लागले की ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय संपवला जातो. तेल चोळले जाते, पट्टा बांधला जातो, महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात. दुखणे थांबले नाही की संधिवाताची शंका येते. या धावपळीत एक साधे कारण मात्र अनेकदा नजरेआड राहते. ते म्हणजे शरीरातील ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता.

आहारातील कॅल्शियम आतड्यांत नीट शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व आवश्यक असते. त्याची दीर्घकाळ उणीव राहिल्यास हाडांत क्षार पुरेसे भरले जात नाहीत आणि हाडे मऊ पडतात. लहान मुलांमधील या विकाराला मुडदूस म्हणतात. प्रौढांमध्ये त्याला ‘ऑस्टिओमलेशिया’ असे नाव आहे. कंबर, खुबे, मांड्या, पाय आणि बरगड्या सतत ठणकत राहतात. मूळ दुखणे हाडांचे व स्नायूंचे असते. रुग्णाला मात्र सांधेच दुखत असल्यासारखे वाटते.

फरक कसा ओळखावा?

आमवातासारख्या विकारात सांध्यांना सूज येते आणि सकाळी ते बराच वेळ आखडलेले राहतात. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या दुखण्यात सांध्यांवर सूज सहसा नसते. उलट नडगीच्या हाडावर दाबले तरी कळ येते. मांड्यांचे स्नायू दुबळे झाल्याने जमिनीवरून उठणे किंवा जिना चढणे जड जाते. निदानासाठी रक्तातील ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’चे प्रमाण तपासतात. ते दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानली जाते. हाडे मऊ पडली असल्यास रक्तातील ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ही बहुधा वाढलेले आढळते.

उन्हाच्या देशात अंधार

बारमाही ऊन असलेल्या भारतात ही उणीव कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दिल्लीतील निरोगी व्यक्तींमध्येही या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी असल्याचे ‘एम्स’च्या संशोधकांनी २००० मध्येच दाखवून दिले होते. त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील ‘बी’ किरण काचेतून आत येत नाहीत. त्यामुळे कार्यालयाच्या खिडकीतले ऊन उपयोगाचे नाही. पहाटेच्या कोवळ्या उन्हातही हे किरण फारच कमी असतात. दिवस वर आल्यावर, दुपारच्या सुमारास ते अधिक मिळतात. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. शहरांतील हवेचे प्रदूषण आणि अंगभर कपडे यांची त्यात भर पडते. शाकाहारी जेवणात तर हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसतेच. त्याची भर घातलेले दूध व खाद्यतेल बाजारात मिळते. त्यावर ‘+एफ’ हे चिन्ह असते.

रामबाण नव्हे

अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे अंगदुखीने दीर्घकाळ त्रस्त असलेल्या १५० रुग्णांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळले. मात्र ही उणीव सर्वत्रच आढळत असल्याने तेवढ्यावरून प्रत्येक दुखण्याचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. गुडघ्याची झीज झालेल्या १४६ रुग्णांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीत या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी वेदना विशेष कमी झाल्या नाहीत, असे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजेच उणिवेमुळे हाडे मऊ पडली असतील तर उपचाराने आराम पडतो. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही.

म्हणूनच आधी तपासणी आणि मग औषध, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. ६० हजार युनिटची मात्रा सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरावीक काळासाठीच दिली जाते. ती चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. दुसरीकडे, कारण न शोधता वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही जठर आणि मूत्रपिंडांना घातक ठरतात. सूज नसलेले, पण हटता न हटणारे दुखणे असल्यास ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.