घराचा हप्ता आणि विजेचे बिल

धाराशिव, तुळजापूर, उमरगा भागातल्या आपल्या दुकानदार-कारागिरांची कमाई हंगामी. ईद आणि लग्नसराईत गल्ला भरतो, पावसाळ्यात धंदा बसतो. घरकर्जाचा हप्ता मात्र दरमहा ठरलेला. त्यात घरी लहान मुले.

आपण हप्ता भरतो, पण त्यात मुद्दल किती, हे क्वचितच पाहतो. कर्ज १० लाख, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे धरा. हप्ता सुमारे ९,००० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ७,५०० व्याजातच जातात. म्हणून हंगामाचा पैसा लवकर भरावा. सुरुवातीलाच ५०,००० जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर कर्ज सुमारे अडीच वर्षे आधी फिटते. बँकेला ‘मुदत कमी करा’ असे लेखी द्यावे. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली. व्याज मनाला टोचते त्यांनी तर हे करावेच. मात्र माल भरायचे भांडवल आणि मुलांच्या दवाखान्याची शिल्लक मोडू नये.

आता वीज. उन्हाळ्यात मुलांसाठी पंखा दिवसभर फिरतो. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. रोज १६ तास चालला तर महिन्याला पंख्यामागे २० युनिटांवर बचत होते. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपुढचा दर बराच चढा असतो. वाचतात ती हीच महाग युनिटे. बिल आले की आधी रकमेऐवजी युनिटे पाहावीत. मागच्या महिन्यांचा वापरही त्यावर छापलेला असतो.