तारापूरची हवा कशी मोजतात?

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी पालघर सोडून बोईसरजवळ येते, तेव्हां वारा पश्चिमेचा असला तर गांव आल्याचें उतारूस पुष्कळदां पाटी वाचण्यापूर्वीं नाकानेंच कळतें. स्टेशन आणि समुद्र यांच्यामध्यें तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. औषधें, रंग, रसायनें, कापड व पोलाद यांचे कारखाने तेथें एकमेकांस खेटून उभे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची जी तपासणी केली, तींत हवा, पाणी व जमीन मिळून तारापूरला १०० पैकीं ९३.६९ गुण पडले. हे गुण सर्वांहून अधिक होते. पण ही परीक्षा अशी, कीं तींत पहिला येणाऱ्यानें मान खालीं घालावी.

पाण्याचें दूषण निदान डोळ्यांना दिसतें. खाडींत मासे मेले कीं पुरावा किनाऱ्यावर येऊन पडतो, आणि तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न घेऊन मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलीहि. हवेचा पुरावा मात्र वारा आपल्याबरोबर घेऊन जातो. मध्यरात्रीं आलेला उग्र दर्प सकाळीं तक्रार लिहितांना उरत नाहीं. तेथें साक्ष देऊं शकेल तें यंत्रच.

हें यंत्र दिसावयास अगदीं साधें असतें. इमारतीच्या छपरावर ठेवलेली एक पेटी मिनिटाला सुमारें एक घनमीटर हवा आंत ओढते. जाड धूळ भोंवऱ्यांत फिरून खालीं पडते. बारीक धूळ कांचतंतूंच्या कागदावर बसते. कागदाचें आधींचें व नंतरचें वजन काढलें कीं धुळीचा हिशेब लागला. गंधकाचा व नत्राचा धूर द्रवाच्या नळींतून बुडबुड्यांनीं जातो, आणि द्रवाला पुढें जो रंग चढतो त्यावरून त्याचें प्रमाण ठरवितात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणें एका घनमीटर हवेंत दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ दिवसाकाठीं सरासरी १०० मायक्रोग्रॅमपेक्षां, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतची ६० पेक्षां, अधिक असूं नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालक्षावा भाग. इतकें सूक्ष्म तोलणाऱ्याचा हातहि स्थिर हवा!

परंतु ही पेटी चालते आठवड्यांतून दोन दिवस, म्हणजे वर्षाचे सुमारें १०४ दिवस. उरलेल्या अडीचशेंहून अधिक दिवसांची हवा तिला ठाऊकच नसते. ही उणीव स्वयंचलित केंद्रानें भरून निघते. तें रात्रंदिवस जागें राहून तासातासाचा आंकडा देतें, आणि बोईसरची हवा आतां अशा केंद्रावरहि मोजली जाते. त्यांतून निघणारा निर्देशांक, म्हणजे २०१५ पासून देशभर प्रसिद्ध होणारा हवेचा आंकडा, आठ दूषकांवर बसविलेला आहे. दोन प्रकारची धूळ, गंधकाचा व नत्राचा डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया व शिसें हे ते आठ होत. त्यांपैकीं जें अधिकांत अधिक बिघडलेलें, तोच त्या दिवसाचा आंकडा.

खरी अडचण येथेंच आहे. दिल्लीसारख्या शहराला हा हिशेब शोभतो. तेथें वैरी धूळ व धूर हेच. औषधांच्या व रंगांच्या कारखान्यांतून मात्र टोल्युइन, मिथेनॉल यांसारखे उडून जाणारे द्रावक निसटतात, आणि त्यांचें नांव या आठांत नाहीं. बेंझीनला मानकांत जागा मिळाली आहे, पण निर्देशांकांत नाहीं. पावसानें धूळ धुऊन काढलेल्या दिवशीं फलकावर ‘चांगली’ असा शेरा असावा आणि त्याच वेळीं गृहिणीनें खिडक्या लावून घ्याव्यात, हें अशक्य नाहीं. यंत्र खोटें बोलत नाहीं. त्याला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

वाऱ्याचाहि विचार हवा. दुपारीं समुद्रावरून येणारा वारा वसाहतीची हवा बोईसरकडे नेतो; रात्रीं जमिनीवरचा वारा उलटतो आणि तीच हवा कोलवडे, नवापूर यांच्याकडे वळते. हिवाळ्यांत थंड थर जमिनीलगत सांचतो, तेव्हां ती वर चढत नाहीं. एकाच जागीं बसविलेलें केंद्र दोन्हीं बाजूंच्या गांवांची साक्ष कशी देणार?

याच किनाऱ्यावर दुसरें उदाहरण आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्रासाठीं परिसर-सर्वेक्षणाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. १९६९ सालीं वीज सुरू होण्यापूर्वींच तेथील परिसराची मोजणी आरंभली गेली होती. त्यामुळें ‘आधीं काय होतें’ याचें उत्तर तेथें मिळतें. रसायनांच्या कारखान्यांना तसा आरंभ लाभला नाहीं. हवेच्या प्रदूषणाचा कायदाच १९८१ सालीं झाला.

द्रावक मोजण्याची रीत कांहीं अवघड नाहीं. निर्वात केलेलें पोलादी पात्र दर्प येतांच उघडावयाचें, भरतांच बंद करावयाचें व प्रयोगशाळेंत धाडावयाचें. तेथें प्रत्येक वायु निराळा ओळखतां येतो. तामिळनाडूंत कडलूर येथील औद्योगिक वसाहतीलगतच्या गांवकऱ्यांनीं २००४ सालापासून हें काम बादलींत बसविलेल्या पिशवीनें केलें, आणि जोडीला वहीहि ठेवली. वास कोणता, किती वाजतां आला, वारा कोठून होता, कोणाचे डोळे चुरचुरले, हें तींत लिहीत. नमुना केव्हां व कोठें घ्यावा, हें त्यांना त्या वहीवरूनच कळे.