लेक निघाली फुटबॉल खेळायला

समजा, उद्या संध्याकाळी तुम्ही कुकर लावत असताना तुमची तेरा वर्षांची मुलगी येऊन म्हणाली, "आई, मला फुटबॉल खेळायचाय, आणि मोठी झाले की परदेशातल्या क्लबाकडून खेळायला जायचंय," तर तुम्ही काय म्हणाल? रागावू नका, पण बहुतेक घरांतून उत्तर एकच येईल. "आधी ते गणित पुरं कर. आणि उन्हात हिंडून रंग बघ कसा झालाय!" विषय तिथेच संपेल.

मुलींची स्वप्ने मोडायला कुणी दुष्ट माणसे लागत नाहीत, मैत्रिणींनो. आपल्यासारख्या मायाळू आया पुरेशा होतात. म्हणून आज एका मुलीची हकीकत सांगते. नंतर आपण तुमच्या शंकांकडे वळू. आणि त्या शंका अगदीच खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही.

या मुलीचे नाव मनीषा कल्याण. २७ नोव्हेंबर २००१ चा तिचा जन्म. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातील मुग्गोवाल हे तिचे लहानसे गाव. घरची परिस्थिती बेताची. शाळेत मनीषा धावायची. शंभर आणि दोनशे मीटरच्या शर्यती हा तिचा प्रांत. ती तेरा वर्षांची असताना शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी तिचा वेग पाहिला आणि फुटबॉलच्या जिल्हा संघाच्या निवडीला जाऊन बघ म्हणून सुचवले. एवढेच निमित्त! घरच्यांनी त्या वेळी "मुलीच्या जातीला हे शोभत नाही" म्हटले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढे ती थेट दक्षिणेत गेली. आधी तामिळनाडूच्या सेतू संघाकडून आणि मग गोकुलम केरळ या संघाकडून खेळली. विचार करा, पंजाबी मुलगी, सांबार-भातावर राहायचे, भाषा कळत नाही. परदेशाची पहिली तालीम तिने आपल्याच देशात केली म्हणायची!

नोव्हेंबर २०२१ मध्ये भारताचा संघ ब्राझीलमधील मनाउस शहरी ब्राझीलशी खेळला. सामना आपण ६-१ असा हरलो. पण तो एक गोल मनीषाचा होता, आठव्याच मिनिटाला केलेला. दोन दिवसांनी तिला विसावे वर्ष पुरे झाले. आता या ब्राझीलची एक गंमत ऐका. फुटबॉलवेडा म्हणून आपण ज्या देशाचे कौतुक करतो, तिथे १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानेच बंदी होती. बाईच्या प्रकृतीला हा खेळ मानवत नाही म्हणे! इंग्लंडातही तीच तऱ्हा. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलला बायकांच्या सामन्याला पन्नास हजारांवर लोक लोटले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संघटनेने आपली मैदाने बायकांना बंद केली. ती बंदी उठायला पन्नास वर्षे लागली. तेव्हा "आपल्याकडेच लोक मागासलेले" असे म्हणून हळहळायचे कारण नाही. सगळीकडच्या आयांनी आणि लेकींनी हे भांडण भांडलेले आहे.

एका वर्षात दोन टोके

जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई स्पर्धा आपल्या मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली. मनीषा भारताच्या संघात होती. इराणशी बरोबरी झाली, आणि दुसऱ्या सामन्याच्या दिवशी करोनाने एवढ्या मुलींना गाठले की संघात तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. नियमाप्रमाणे भारत घरच्याच स्पर्धेतून बाद झाला. कित्येक महिन्यांची तयारी नवी मुंबईच्या एका हॉटेलातल्या बंद खोल्यांत संपली.

त्याच वर्षीच्या जुलैत सायप्रस या भूमध्य समुद्रातल्या बेटावरच्या अपोलोन लेडीज संघाने मनीषाला करारावर घेतले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत लाटव्हियाच्या रिगा संघाविरुद्ध साठाव्या मिनिटाला ती बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली. या स्पर्धेत खेळलेली ती पहिली भारतीय. पण योगायोग पाहा! त्याच आठवड्यात फिफा या जागतिक संघटनेने कारभारातल्या बाहेरच्या हस्तक्षेपावरून भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले होते. मनीषाच्या जुन्या संघातल्या मैत्रिणी स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता माघारी यावे लागले. चूक पुरुषांच्या कचेरीतली, आणि पेट्या उचलून परत फिरल्या त्या मुली!

पुढे २०२४ मध्ये मनीषा ग्रीसच्या पाओक संघात गेली आणि २०२५ मध्ये थेट दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या आलियान्सा लिमा संघात.

पण परदेशीच कशाला?

हा प्रश्न तुमच्या ओठावर आला असेल. उत्तर साधे आहे. स्वयंपाक रोज केल्याशिवाय हात बसत नाही, तसाच खेळ. २०२१-२२ च्या आपल्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वाट्याला अकराच सामने आले, तेही दीड महिन्याच्या आत. मग उरलेले वर्ष मुलींनी करायचे काय? युरोपात हंगाम साधारण सप्टेंबरपासून मेपर्यंत चालतो. आठवडाभर सराव, शनिवार-रविवारी सामना, सोबत डॉक्टर आणि व्यायामतज्ज्ञ.

मनीषा काही एकटी नाही. गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडला गेली ती आधी शिकायला. क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करता करता २०१५ मध्ये ती वेस्ट हॅम संघात आली. पहिल्याच सामन्यात संघाने पाच गोल खाल्ले. ती रडत परत आली नाही. मणिपूरच्या बाला देवीने जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स संघाशी करार केला, तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. "आता काय, वय झालं" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे! २०२२ मध्ये मध्य प्रदेशची ज्योती चौहान आणि तेलंगणची सौम्या गुगुलोथ क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेब संघात गेल्या.

आता तुमच्या शंका

*पैसा किती?* क्रिकेटपटूंचे आकडे डोळ्यांपुढे आणू नका. बायकांच्या फुटबॉलमध्ये मोजकेच मोठे संघ सोडले तर पगार बेताचेच असतात, आणि करार बहुधा वर्षा-दोन वर्षांचे. खेळाचे आयुष्यही थोडे. म्हणून शिक्षण सोडू देऊ नका. अदितीने दोन्ही सांभाळले, हा धडा मोठा आहे.

*कुणी फसवले तर?* ही शंका सगळ्यांत रास्त. एक नियम मात्र पदराला गाठ मारून ठेवा. अठरा वर्षे पुरी झाल्याखेरीज खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात घेता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. आईबाप दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील, असे थोडे अपवाद आहेत. तेव्हा "तुमच्या पंधरा वर्षांच्या मुलीला युरोपच्या क्लबात लावून देतो, अमुक इतके भरा," असे म्हणणारा गृहस्थ दारात आला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका. खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या एजंटाला फिफाचा परवाना लागतो, तो बघायला मागा. करार लेखी हवा, आणि पगार, राहायची जागा, दुखापतीचा खर्च नि परतीचे तिकीट यांचा उल्लेख त्यात आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्या. लाज वाटू देऊ नका. आपण साडी घेताना पदर उलगडून बघतो की नाही?

*लग्न, मुलेबाळे?* १ जानेवारी २०२१ पासून फिफाने नियमच केला आहे. करारबद्ध खेळाडूला बाळंतपणासाठी निदान चौदा आठवड्यांची रजा आणि त्या काळात निदान दोन-तृतीयांश पगार द्यावा लागतो. आपल्याकडच्या कित्येक खाजगी नोकऱ्यांत एवढे मिळवायला बायकांना झगडावे लागते!

*पाय मोडला तर?* गुडघ्याच्या आतला बंध तुटण्याची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, हे खरे. पण खेळापूर्वी वीसेक मिनिटे ठरावीक व्यायाम केले तर धोका बराच कमी होतो. प्रशिक्षक ते करून घेतात की नाही, एकदा मैदानावर जाऊन डोळ्यांनी पाहा. भावाचे जुने बूट कापूस कोंबून देऊ नका, तिच्या मापाचे घ्या.

घरात तुम्ही काय कराल?

खेळणाऱ्या मुलीला भूक जास्त लागते. "मुलीने इतकं खाऊ नये," हे आजीचे वाक्य आता पुरे. नाचणीची भाकरी, मोड आलेली उसळ, पालेभाजी, अंडे किंवा मासे चालत असतील तर तेही, शेंगदाण्याचा लाडू, गूळ-पोळी. यात महागडे काहीच नाही. उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. पाळीच्या दिवसांत बरे वाटत असेल तर खेळायला हरकत नाही. मात्र पाळी तीन महिने आलीच नाही, तर "खेळाने होतं असं" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा ती पोटभर न खाण्याची खूण असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरावाला जाण्या-येण्याची सोय. कित्येक मुलींचा खेळ सुटतो तो संध्याकाळी सातला अंधारातून घरी कसे यायचे, या एकाच प्रश्नापायी. आळीतल्या चार आयांनी मिळून पाळी लावली, तर आठवड्यातून एकदाच बाहेर पडावे लागेल. तेवढ्या वेळात घरातल्या पुरुषांना वरणाला फोडणी घालता येईल की!

तुमची मुलगी मनीषा होईलच, असे कुणी सांगू शकत नाही. शंभर खेळतील तेव्हा एखादी सायप्रसला जाईल. पण उरलेल्या नव्याण्णव जणींच्या अंगात बळ येईल, हरून पुन्हा उभे राहण्याची सवय लागेल आणि अनोळखी गावी एकटीने गाडीतून उतरण्याची भीती जाईल. ही शिदोरी सासरीही उपयोगी पडते आणि नोकरीतही. तेव्हा या आठवड्यात शाळेत चौकशी करा, मुलींचा संघ आहे का? नसेल तर का नाही? विचारणारी आई एक असली की मुख्याध्यापक हसून सोडून देतात. पाचजणी गेल्या, तर त्यांना खुर्च्या मागवाव्या लागतात.