पन्नास वर्षांनी कोणतं खेळणं भाव खाईल?

तुमच्या खेळण्यांच्या खोक्यात जरा डोकावून बघा. चाक निखळलेली मोटार, लेगोच्या विटा, केस पिंजारलेली बाहुली, पोकेमॉनचे पत्ते, जत्रेतून आणलेली पत्र्याची होडी, बोलणारा रोबो... सापडलं ना यातलं काहीतरी? आता सांगा, पन्नास वर्षांनी यातल्या कशासाठी लोक हजारो रुपये मोजतील आणि काय फुकट दिलं तरी कुणी घेणार नाही?

‘सर्वांत महाग खेळणं!’ असं पटकन म्हणू नका. खेळण्यांच्या लिलावात आजवर भल्याभल्यांचे अंदाज चुकले आहेत. कोणतं खेळणं मौल्यवान ठरणार, हे दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या तीन गोष्टी आपण एकेक करून शोधू या.

दुकानात न पोचलेला बाहुला

१९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा आला आणि मुलांना त्याचं वेडच लागलं. सिनेमातल्या पात्रांचे बाहुले बनवायचं काम केनर या कंपनीकडे होतं. पण नाताळ तोंडावर आला तरी बाहुले तयार नव्हते. मग कंपनीनं एक अजब युक्ती केली. तिनं बाहुल्यांशिवायचं पाकीट विकलं! आत होते स्टिकर, एक पुठ्ठ्याचा देखावा आणि एक कुपन. कुपन पोस्टानं पाठवायचं आणि वाट बघायची. पुढच्या वर्षी चार बाहुले घरपोच!

ते बाहुले हातात पडल्यावर मुलं त्यांच्याशी मनसोक्त खेळली. कुणी त्यांना अंगणात पुरलं, कुणी बादलीत बुडवलं. इवल्याइवल्या तलवारी सोफ्याच्या फटीत गेल्या. पुढे दुकानांत आलेल्या बाहुल्यांचे पुठ्ठे उघडल्या दिवशीच केरात गेले. त्यामुळे आज न उघडलेला जुना बाहुला दिसला की संग्राहकांचे डोळे चमकतात.

आणखी एक गंमत बघा. याच मालिकेत बोबा फेट नावाचं एक पात्र आहे. त्याच्या पाठीवरून खरोखर उडणाऱ्या छोट्या रॉकेटची जाहिरात झाली होती. मुलं वाट बघत होती. पण ते रॉकेट एखाद्या लहानग्याच्या घशात अडकेल, अशी भीती वाटल्यानं कंपनीनं बेत रद्द केला. कारखान्यात बनवलेले काही नमुने तेवढे उरले. २०२४ साली त्यातला हातानं रंगवलेला एक नमुना लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला. म्हणजे चार कोटी रुपयांहून जास्त! एका मुठीत मावणाऱ्या बाहुल्यासाठी!

आपली पहिली गोष्ट सापडली. वस्तू थोडी उरलेली हवी.

सगळ्यांनीच जपून ठेवलं तर?

आता उलट बाजू बघू. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या टाय कंपनीनं ‘बीनी बेबीज’ नावाचे छोटे, मऊ प्राणी बाजारात आणले. त्यांच्या पोटात प्लास्टिकचे मणी भरलेले असत. कंपनी अधूनमधून जाहीर करायची, ‘हा प्राणी आता यापुढे बनणार नाही.’ की झुंबड उडायची! मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त धावायची. हे प्राणी विकून पुढे श्रीमंत होऊ, असं त्यांना वाटायचं. प्राण्यांच्या कानाला लावलेली कागदी खूण चुरगळू नये म्हणून तिलाही प्लास्टिकचं कवच घालायचे. १९९९ साली लास व्हेगासमध्ये वेगळं होणाऱ्या एका नवरा-बायकोनं तर कोर्टातल्या जमिनीवर उकिडवं बसून हे प्राणी एकेक करून वाटून घेतले.

आणि मग भाव कोसळले. कारण सोपं होतं. लाखो घरांत लाखो प्राणी अगदी नव्यासारखे पडून होते. ना कुणाचा कान तुटला, ना कुणी हरवला. सगळ्यांकडेच आहे म्हटल्यावर विकत कोण घेणार?

म्हणून ‘मर्यादित आवृत्ती’ किंवा ‘संग्राह्य’ असं छापलेलं खेळणं दिसलं, तर सावध व्हा. जे सगळेच जपतात, ते सहसा दुर्मीळ होत नाही. दुर्मीळ होतं ते मुलांनी खेळून खेळून संपवलेलं खेळणं.

आठवणींची लाट

पण नुसतं दुर्मीळ असूनही भागत नाही. पायाखाली येणारा प्रत्येक दगड जगात एकुलता एकच असतो, तरी त्याला कुणी पैसे देत नाही. वस्तू कुणाला तरी हवीहवीशी वाटली पाहिजे. ही झाली दुसरी गोष्ट.

खेळणी कुणाला हवीशी वाटतात? ती ज्यांना लहानपणी मिळाली, किंवा हवी असूनही मिळाली नाहीत, त्यांना. आठ वर्षांच्या मुलाकडे हट्ट असतो, पण पैसे नसतात. तोच मुलगा चाळिशीत पोचला की त्याच्या खिशात पैसे येतात आणि मनात जुना हट्ट जागा होतो. म्हणून साधारण तीस-चाळीस वर्षांनी एकेका पिढीच्या खेळण्यांची लाट येते. ‘स्टार वॉर्स’वाली मुलं मोठी झाली तेव्हा त्या बाहुल्यांचे भाव वाढले. मग व्हिडिओ गेम खेळलेल्या पिढीची पाळी आली. २०२१ साली ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६च्या खेळाचं सीलबंद खोकं १५ लाखांहून जास्त डॉलरना विकलं गेलं.

आपल्याकडेही ही लाट आहे बरं का! बिग फन बबलगममधून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रं, कुस्तीगीरांचे ट्रम्प कार्ड, फनस्कूलनं भारतात बनवलेले जी. आय. जोचे सैनिक... ही नावं आईबाबांसमोर घ्या आणि त्यांचे चेहरे बघा. फनस्कूलच्या काही सैनिकांचे रंग अमेरिकेतल्या सैनिकांपेक्षा वेगळे होते. त्यामुळे परदेशातले संग्राहकही आज त्यांच्या शोधात असतात.

लाट येते तशी ओसरतेही. ज्यांना आठवण आहे, ती माणसंच कमी झाली की गिऱ्हाईकही कमी होतं. मग कोणतं खेळणं तरून जातं? ज्याच्यामागे गोष्ट आहे ते! जर्मनीतल्या स्टाइफ कंपनीनं १९०४च्या सुमारास बनवलेलं ‘टेडी गर्ल’ नावाचं अस्वल घ्या. ब्रिटिश लष्करातल्या एका कर्नलनं ते लहानपणापासून आयुष्यभर सांभाळलं. १९९४ साली लंडनच्या लिलावात एका जपानी गृहस्थांनी ते १,१०,००० पौंडांना घेतलं. तशी जुनी अस्वलं इतरही होती. पण हे अस्वल कुणाचं, कुठं वाढलं, हे सगळं ठाऊक होतं.

खेळण्यांनाही रोग होतात!

आता तिसरी गोष्ट, आणि माझी सर्वांत आवडती. वस्तू तोवर टिकली पाहिजे. इथं रसायनशास्त्र येतं.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला १९३०च्या दशकात डिंकी नावाच्या धातूच्या छोट्या मोटारी बनू लागल्या. त्यांतल्या कित्येक मोटारी आज कपाटात ठेवल्या जागी, कुणी हात न लावता भुगा होतात. का? त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या होत्या आणि त्या धातूत चुकून थोडंसं शिसं मिसळलं गेलं होतं. वितळलेला धातू थंड होताना त्यात असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. शिसं त्यांच्या सीमांवर जाऊन बसतं. हवेतली आर्द्रता त्या सीमांवरूनच आत शिरते आणि धातू आतून गंजतो. गंजाला जागा जास्त लागते, म्हणून मोटार फुगते, तडकते आणि शेवटी तिचे तुकडे पडतात. यावर औषध नाही. पुढे शुद्ध जस्त वापरायला लागल्यावर हा रोग थांबला.

बाहुल्यांचे रोग वेगळे. बार्बी १९५९ साली आली. तिच्यासाठी जे मऊ प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी वापरलं, त्यात ते लवचीक राहावं म्हणून तेलकट रसायन मिसळतात. भज्यांचं तेल कागदावर उतरावं तसं ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि बाहुली चिकट होते. जुन्या बार्बींच्या कानांतल्या धातूच्या डुलांमुळे तर कानाभोवतीचं प्लास्टिक हिरवं पडतं! त्याहून जुन्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या खराब होताना आम्लधर्मी वाफा सोडतात आणि शेजारच्या वस्तूंनाही बिघडवतात. म्हणून संग्रहालयांत त्यांना वेगळं ठेवावं लागतं.

लेगोचं नशीब चांगलं. सुरुवातीच्या विटांचं प्लास्टिक वाकायचं. १९६३ पासून कंपनीनं एबीएस नावाचं कडक प्लास्टिक वापरायला घेतलं. आकार इतका काटेकोर ठेवला, की १९५८ सालची चांगल्या स्थितीतली वीट आजच्या विटेत घट्ट बसते. नात आणि आजोबा दोघांच्या विटा मिळून एकच घर बांधता येतं!

आणि टिकाऊपणात पहिला नंबर कुणाचा? भाजलेल्या मातीचा! मोहेंजोदडोच्या मुलांच्या छोट्या मातीच्या बैलगाड्या चार हजारांहून जास्त वर्षं जमिनीत राहिल्या, तरी ओळखू येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या काळची खेळणी बघायला मिळतात. त्यापुढे आपल्या घरातली लाकडी ठकी, पितळेची भातुकली किंवा सावंतवाडीची पांगाऱ्याच्या लाकडाची रंगीत फळं तशी तरुणच. पण वाळवीपासून आणि ओलीपासून सांभाळली, तर तीही पणतवंडांपर्यंत पोचतात.

आजच्या बोलणाऱ्या खेळण्यांपुढे मात्र नवाच प्रश्न आहे. त्यांचं शरीर तुमच्या घरी आणि मेंदू दूर कुठेतरी कंपनीच्या सर्व्हरवर असतो. मुलांशी गप्पा मारणारा ‘मॉक्सी’ रोबो बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं डिसेंबर २०२४ मध्ये आपण बंद होत असल्याचं कळवलं. आपला मित्र आता मुका होणार, म्हणून कितीतरी मुलं रडली. असं खेळणं पन्नास वर्षं जपलं, तरी ते बोलेल का? कुणीतरी त्याचा मेंदूही जपायला हवा.

गुणाकार करून बघा

म्हणजे गणित असं झालं: थोडं उरणं × हवंहवंसं वाटणं × टिकणं. इथं बेरीज चालत नाही, गुणाकारच हवा. कारण तिन्हींपैकी एक जरी शून्य झालं, तरी उत्तर शून्य.

आता पुन्हा तुमच्या खोक्याकडे वळा. पोकेमॉनचे पत्ते? आवडते आहेत, पण हजारो लोक ते कवचात घालून जपतायत. बहुतेकांना मोठा भाव येणार नाही. लेगो? टिकेल नक्की. बोलणारा रोबो? त्याचा मेंदू वाचला तरच. माझा अंदाज विचाराल, तर माझी पैज जत्रेतल्या पत्र्याच्या होडीवर आहे. वात पेटवली की ती परातीतल्या पाण्यात टुकटुक करत फिरते, म्हणून सगळ्यांना आवडते. स्वस्त असते, म्हणून कुणी जपत नाही. आणि गंज चढू दिला नाही तर टिकते. तिन्ही गोष्टी जुळतात!

पण किंमत आणि मोल यांत फरक आहे, हेही लक्षात असू द्या. अमेरिकेत रोचेस्टर शहरातल्या खेळण्यांच्या मानाच्या यादीत २००५ साली पुठ्ठ्याचा खोका आणि २००८ साली साधी काठी दाखल झाली. त्यांना लिलावात कोण बोली लावणार? तरी जगभरची मुलं त्यांच्याशी खेळतात. आपल्या पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, बाहुल्या अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभारलं आणि १९७५ साली ते राज्याच्या स्वाधीन केलं. केळकर भाव बघत बसले असते, तर जुन्या काळातली माणसं घरात कशी राहायची, हे आज आपल्याला दिसलंच नसतं.

आता तुमचं काम

खेळणी खेळण्यासाठीच असतात, तेव्हा खुशाल खेळा. फक्त एवढं करा:

१. माळ्यावर टाकण्याआधी खेळण्यातली बॅटरी काढा. ती गळली तर आतले भाग खाऊन टाकते.

२. प्लास्टिकची बाहुली उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका. घट्ट प्लास्टिकच्या पिशवीतही कोंबू नका.

३. तुटलेल्या भागाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडतो आणि डाग सोडतो.

४. प्रत्येक आवडत्या खेळण्यासाठी एक कार्ड बनवा. कुणी दिलं, कधी, कितीला, तुम्ही त्याचं नाव काय ठेवलं, कोणता खेळ शोधून काढला, आणि मोडलं असेल तर कसं मोडलं, हे सगळं पेन्सिलीनं लिहा. शाई फिकी पडू शकते, पेन्सिलीचं ग्रॅफाइट सहसा पडत नाही.

आणि पहिलं कार्ड स्वतःच्या खेळण्याचं लिहू नका. आजीच्या किंवा आजोबांच्या खेळण्याचं लिहा, मग ते खेळणं आज घरात नसलं तरी चालेल. तुमच्या खेळण्यांची गोष्ट तुम्हाला अजून खूप वर्षं आठवणार आहे. त्यांची मात्र या सुट्टीतच विचारून घ्यायला हवी.