जनसुनावणीची नोटीस आणि आपल्या वस्तीचा श्वास

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत ‘जाहीर सूचना : पर्यावरणविषयक जनसुनावणी’ असं छापून येतं. घरात ते कुणी वाचत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भजी बांधून येतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या आपल्या घरांनी ही सूचना डॉक्टरच्या चिठ्ठीइतक्याच काळजीने वाचावी असं आम्हाला वाटतं. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

कारण आपल्या भागात आता मोठ्या नळांचे दिवस आले आहेत. सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज बारीक दळून, पाण्यात कालवून, हेडरीहून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीतून नेलं जातं. जुलै २०२५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. खनिजाच्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याची काय दशा केली आणि त्या धुळीत लोकांनी कसे दिवस काढले हे ज्यांनी पाहिलं, त्यांना नळ बरा वाटला तर नवल नाही. आम्हीही सरसकट नळाला नावं ठेवत नाही.

पण पुढे येऊ शकणारा नळ वेगळ्या जातीचा आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक अहवाल काढला. वीज, सिमेंट, पोलाद अशा कारखान्यांच्या चिमणीतून जाणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडायचा, त्याचा काही वापर करायचा किंवा तो जमिनीत खोलवर साठवायचा, असा त्याचा विषय. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, गडचांदूर, आवाळपूर, घुग्घुस भागातले सिमेंट कारखाने, कोनसरीचा लोह-पोलाद प्रकल्प हे सगळं त्या यादीत बसणारं आहे. पकडलेला वायू वापराच्या किंवा साठवणीच्या जागी न्यायचा तर दाब देऊन नळातून न्यावा लागतो. आज असा नळ आपल्याकडे नाही. खोदकाम सुरू झाल्यावर विचारण्यापेक्षा आता समजून घेतलेलं बरं.

हा वायू आपल्या ओळखीचाच आहे. आपण श्वास सोडतो त्यात तो असतो आणि हवेत त्याचं प्रमाण साधारण ०.०४ टक्के असतं. तेवढ्याने काही होत नाही. पण बंद पडलेल्या जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपली म्हातारी माणसं पेटता कंदील दोराने आत सोडून पाहायची, ते कशासाठी? तळाशी हाच वायू साचलेला असतो. कंदील विझला की खाली उतरायचं नाही. एक माणूस कोसळला म्हणून त्याला काढायला उतरलेला दुसराही गेला, अशा बातम्या आपण ऐकतो त्या याच कारणाने. हवेत हा वायू ४ टक्क्यांवर गेला की जिवाला धोका सुरू होतो आणि १० टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत शुद्ध हरपते. त्याला ना रंग, ना वास. शिवाय तो हवेपेक्षा दीडपट जड आहे. सुटला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा खोलगट जागेकडे सरकतो.

आता आपल्या वस्त्या कुठे आहेत ते आठवा. नाल्याच्या काठाला, खाणीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, गावाच्या खालच्या अंगाला. गावकुसाबाहेरची जागा आणि उताराची जागा आपल्या वाट्याला बरेचदा एकच आली आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सतार्शिया नावाचं छोटं गाव आहे. २२ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी गावाजवळून जाणारा कार्बन डायऑक्साइडचा नळ फुटला. अतिपावसाने डोंगराची माती घसरली आणि नळाचा सांधा तुटला. वायू गावात उतरला. सुमारे २०० लोकांना घरं सोडावी लागली, ४५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पण पळून जाऊ पाहणाऱ्यांच्या गाड्या वाटेतच बंद पडल्या, कारण इंजिनालाही ऑक्सिजन लागतो. पुढे तिथल्या सरकारी तपासात निघालं, की नळ फुटला तर वायू कुठवर जाईल याचा कंपनीने जो हिशेब केला होता, त्यात हे गाव धोक्याच्या यादीत धरलंच नव्हतं.

यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. सातबारा नाही, पट्टा नाही, घर अतिक्रमणात. मग भूसंपादनाच्या कागदावर आपण नसतो. पण जनसुनावणीचा नियम सातबारा मागत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार प्रकल्पाची झळ लागू शकेल अशा स्थानिक माणसाला तिथे बोलता येतं, लेखी म्हणणंही देता येतं. सूचना ३० दिवस आधी निघते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होतं आणि इतिवृत्त त्याच दिवशी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवलेला असतो. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. आपण गेलो नाही म्हणून ती थांबत नाही.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी असंही त्याच अधिसूचनेत लिहिलं आहे. सुरजागड खाणीच्या विस्ताराची सुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोलीला जिल्हाधिकारी कार्यालयात झाली, खाणीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. एटापल्लीकडच्या माणसाने मजुरी बुडवून, भाडं भरून तिथवर कसं पोचावं, हा साधा प्रश्न आहे.

नळाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. या अधिसूचनेच्या यादीत खनिजाची किंवा तेल-वायूची नळवाहिनी येते ती प्रामुख्याने राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य अशा क्षेत्रातून जात असेल तेव्हा. म्हणजे प्रत्येक नळाला स्वतंत्र सुनावणी मिळेलच असं नाही. दुसरीकडे ग्रामसभेची वाट. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पण त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एका पत्राने रस्ते, कालवे, नळवाहिन्या अशा लांबट पट्ट्याच्या कामांना वनजमिनीसाठी ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली होती. अपवाद ठेवला तो अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या मान्य हक्कांचा. आपल्याकडे माडिया आणि कोलाम त्यात येतात. तेव्हा ज्या गावात आपली घरं माडिया किंवा कोलाम बांधवांच्या शेजारी आहेत, तिथे त्यांच्या ग्रामसभेच्या मागे उभं राहणं हे आपल्याही हिताचं आहे. शहरालगतच्या वस्तीला ती वाट नाही. तिथे कारखान्याची जनसुनावणी हाच दरवाजा आणि नळाचा प्रश्न तिथेच विचारायचा.

कुणी म्हणेल, म्हणजे तुमचा विजेला विरोध. तसं नाही. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना पाणी आणि विजेच्या नियोजनाचा पाया घातला, हे आपण विसरत नाही. हवा तापते आहे, कार्बन कमी व्हायला हवा, हेही खरं. पण कार्बन पकडला म्हणून कोळशाची राख थांबत नाही. पकडायच्या यंत्रालाही वीज लागते, म्हणजे थोडा कोळसा जास्तच जळतो. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं होतं. आपल्या घरातला दमा त्या राखेचा आणि धुळीचा आहे. त्याचं काय करणार, हेही त्याच बैठकीत विचारायला हवं.

कालामांना तथागतांनी सांगितलं ते पारखून घ्यायला. तेव्हा सुनावणीत भाषणापेक्षा नेमके प्रश्न न्यावेत. नळ आमच्या शेवटच्या घरापासून किती मीटरवर? फुटला तर वायू उताराने कुठे जाईल, तो नकाशा दाखवा. त्यात आमची वस्ती आहे का? झडपा किती अंतरावर, त्या आपोआप बंद होतात की माणूस येऊन बंद करतो? भोंगा कुठे लावणार? वास नसलेला वायू रात्री झोपेत कळणार कसा? प्राथमिक आरोग्य केंद्रात किती ऑक्सिजन आणि अॅम्ब्युलन्सचं इंजिनच बंद पडलं तर माणूस आणणार कोण? काम सुरू होण्याआधी वस्तीतल्या लोकांची फुफ्फुसाची तपासणी करून नोंद ठेवणार का? ही शेवटची मागणी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधीची नोंद नसली की नंतरचा प्रत्येक आजार ‘तुमच्या बिडीमुळे, तुमच्या चुलीमुळे’ असा आपल्याच माथी मारला जातो.

रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढला तर हे काम होतं. शिकलेल्या मुलामुलींनी सारांश मोठ्याने वाचावा, आशाताईंना बोलवावं. कुणाकडे पंप आहे, कोण ऑक्सिजनवर आहे, कुणाच्या घरी तान्हं मूल आहे, याची यादी करावी. बायांना बोलायला पुढे करावं. धूर आणि खोकला त्यांच्याच वाट्याला जास्त येतो आणि त्या नेमकं बोलतात. प्रश्न कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत, दोन प्रती काढाव्यात. एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. ती पोच रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात भिजणार नाही.