संगणकाची स्मृती आणि सॉफ्टवेअरचे ठिगळ

रेशन, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते, रुग्णालयातील केसपेपर या साऱ्या नोंदी आज संगणकाच्या डेटाबेसमध्ये असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख असावी आणि 'सर्व्हर बंद आहे' असे उत्तर मिळावे, तर एखाद्या गरीब विद्यार्थ्याचे वर्ष धोक्यात येते. सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सहज लक्षात न येणारे एक कारण म्हणजे ड्रायव्हरमधील 'मेमरी लीक', अर्थात स्मृतीची गळती.

ड्रायव्हर म्हणजे काय?

पेशवेकाळात आपल्या कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळातून पुणे शहरात जात असे. तलाव म्हणजे डेटाबेस आणि शहर म्हणजे आपला प्रोग्राम असे मानले, तर मधला नळ म्हणजे ड्रायव्हर होय. प्रोग्रामचा प्रश्न डेटाबेसला समजेल अशा रूपात पोहोचविणे आणि उत्तर परत आणणे हे त्याचे काम. 1992 साली आलेली ओडीबीसी आणि 1997 पासूनची जेडीबीसी या अशा ड्रायव्हरांच्या सर्वमान्य पद्धती आहेत.

गळती कशी होते?

लग्नकार्यासाठी मंडळाची भांडी नेतात आणि कार्य उरकल्यावर परत आणून देतात. प्रत्येकाने दोन ताटे परत करायची ठेवली, तर ताटे हरवत नाहीत, पण एक दिवस भांडारात देण्यास काहीच उरत नाही. मेमरीचे तसेच आहे. समजा, प्रत्येक प्रश्नामागे ड्रायव्हर दोन किलोबाइट मेमरी परत करीत नाही. दिवसाला एक लाख प्रश्न येत असतील, तर चार गिगाबाइट मोकळी मेमरी सुमारे तीन आठवड्यांत संपते. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की सारी मेमरी मोकळी होते. म्हणून अनेक ठिकाणी तोच उपाय समजला जातो. पण तो उपाय नव्हे, केवळ मुदतवाढ होय.

ठिगळ आणि त्याची पथ्ये

खरा उपाय म्हणजे 'पॅच', ठिगळ. पूर्वी कागदी फितीवर भोके पाडून प्रोग्राम लिहीत आणि चुकीचे भोक कागदाचा तुकडा चिकटवून बुजवीत; त्यावरून हा शब्द आला. ते लावताना पुढील क्रम पाळावा :

1. दोष आपल्याच प्रोग्राममध्ये नाही ना, हे प्रथम पाहावे. उघडलेली जोडणी बंद न करणे ही नेहमीची चूक आहे.
2. ड्रायव्हरची आवृत्ती नोंदवावी आणि नव्या आवृत्तीच्या टिपणात हा दोष दुरुस्त केल्याचा उल्लेख आहे का ते वाचावे.
3. पॅच मूळ निर्मात्याकडूनच घ्यावा.
4. डेटाची प्रत आणि जुना ड्रायव्हर जपून ठेवावा.
5. आधी वेगळ्या संगणकावर तेवढ्याच कामाचा भार देऊन काही दिवस मेमरीचा आलेख पाहावा. तो पायऱ्यांसारखा चढतच राहिला, तर गळती कायम आहे असे समजावे.

उशीर आणि घाई

22 ऑक्टोबर 2012 रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील सर्व्हरांवर, केवळ माहिती गोळा करणाऱ्या एका लहानशा प्रोग्रामच्या मेमरी गळतीमुळे, अनेक प्रसिद्ध सेवा बंद पडल्या. पॅच लावण्यातील उशीर किती महाग पडतो, हे पुढे 2017 साली दिसले. विंडोजमधील एका उणिवेवर मार्चमध्ये पॅच निघाला होता. तरीही 27 जूनला त्याच उणिवेचाही वापर करून पसरलेल्या 'नॉटपेट्या'ने उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. उलट, 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकने पुरेशी चाचणी न करता पाठविलेल्या बदलाने सुमारे 85 लाख संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तेथेही दोष मेमरीचाच होता : 20 मूल्ये दिलेली असताना प्रोग्रामने एकविसावे वाचण्याचा प्रयत्न केला.

तात्पर्य, पॅच टाळू नये आणि न तपासता लावूही नये. आपली अनेक मुलेमुली आज पुण्यात संगणकाचे शिक्षण घेत आहेत. त्यांनी केवळ प्रोग्राम लिहिण्यावर न थांबता चालू असलेली यंत्रणा सांभाळण्याची ही शिस्तही अंगी बाणवावी. नवे उभारणारे पुष्कळ भेटतात. उभे असलेले नीट चालू ठेवणाऱ्यांवर मात्र रांगेतल्या शेवटच्या माणसाचे काम अवलंबून असते.