होडीच्या नाळेवरील नांगराची बैठक



डहाणूचें नांव काढलें कीं शहरांतील माणसाला चिकूच्या वाड्या आठवतात. आणि २०१३ सालापासून मुंबईची लोकलगाडी डहाणूरोडपर्यंत येऊं लागल्यावर सुटीच्या दिवशीं तेथील किनारा पाहुण्यांनीं गजबजूं लागला आहे. हे पाहुणे खाडींत उभ्या असलेल्या होड्या पाहतात, त्यांचे रंग पाहतात, बावटे पाहतात. परंतु होडीच्या अगदीं पुढच्या टोंकाकडे, ज्याला दर्यावर्दी लोक नाळ म्हणतात तिकडे, कोणाची दृष्टि सहसा जात नाहीं. कांहीं होड्यांच्या नाळेवर पुढें आलेलें एक लोखंडी शिंग असतें व त्याच्या टोंकाशीं एक फिरता रूळ बसविलेला असतो. नांगराचा दोर या रुळावरून पाण्यांत सुटतो, याच रुळावरून वर ओढला जातो, आणि होडी चालूं लागली म्हणजे नांगर याच शिंगांत विसावतो. ही नांगराची बैठक. बाजारांत तिला नुसतें ‘रोलर’ म्हणतात. ती कशी निवडावी व कशी बसवावी, हा आजचा विषय.

ज्यांच्या घरीं पापलेट आणि बोंबील येतात त्यांना या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. तें मासे आणणाऱ्या माणसाचे हात पाहिले म्हणजे हा प्रश्न उरत नाहीं. डहाणू, धाकटी डहाणू, चिंचणी, आणि तलासरी तालुक्याला गुजरातच्या सीमेपाशीं जो थोडका किनारा लाभला आहे त्यावरील झाई, येथील मांगेला व माच्छी खलाशांपैकीं पुष्कळांना आजही नांगर हातानेंच ओढावा लागतो. सांखळी धरून त्याचें ओझें तीस-चाळीस किलो सहज भरतें, आणि तो चिखलांत रुतला असेल तर त्याच्या कित्येक पट जोर लागतो. होडीच्या उघड्या कांठावरून ओला दोर ओढतांना लाट खालीं गेली कीं दोर ढिला पडतो आणि वर आली कीं हिसका बसतो. या हिसक्याच्या वेळीं दोर व कांठ यांच्यामध्यें बोट सांपडलें तर तें बोट पुन्हां पूर्वीसारखें होत नाहीं. रूळ असला म्हणजे दोराची जागा ठरलेली राहते, घर्षण कमी होतें, आणि ओढणाऱ्यास नाळेवर ओणवें न होतां मागें पाय रोवून उभें राहतां येतें.

दुसरें कारण याहून मोठें आहे. कांठावर घासून घासून दोर झिजतो, आणि झिजलेला दोर तुटतो तो नेमका वादळांत. मोठ्या जहाजांनाही यांतून सुटका नाहीं. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळांत मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्रांत ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगर सुटून वाहवत गेला व बुडाला. त्यांत सत्तरांहून अधिक माणसें दगावलीं. तेथें प्रश्न पुष्कळच मोठ्या नांगरांचा होता, हें खरें. परंतु नांगर सुटला म्हणजे तरतें घर काय होतें, हें त्यावरून कळतें.

आतां नांगर धरतो कसा, हें थोडें पाहूं; कारण त्यावांचून बैठकीचें कोडें सुटणार नाहीं. नांगर आपल्या वजनानें होडी थांबवितो अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. फार प्राचीन काळीं तें खरें होतें. द्वारकेच्या समुद्रांत भोंकें पाडलेले दगडी नांगर सांपडले आहेत, त्यांचा भरंवसा बराचसा वजनावरच असे. लोखंडी नांगराची नखें मात्र तळांत शिरून धरतात, आणि तीं शिरावींत यासाठीं दोराची ओढ शक्य तितकी आडवी लागते. ओढ वरच्या दिशेनें झाली कीं नांगर उपटला जातो. म्हणून दोर खोलीच्या पांच ते सात पट सोडावा, असा नियम आहे.

आमच्या किनाऱ्यावर या नियमाला एक मेख आहे, ती भरतीची. मुंबईस मोठ्या उधाणाला पाणी सुमारें पांच मीटर चढतें-उतरतें. उत्तरेस खंबातच्या आखाताकडे जावें तसतशी ही तफावत वाढत जाऊन भावनगरला दहा मीटरांच्या घरांत जाते, आणि डहाणू या वाटेवरच आहे. समजा, ओहोटीला पाणी ४ मीटर आहे व नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच आहे. एकूण उंची साडेपांच मीटर; तिच्या पांच पट म्हणजे साडेसत्तावीस मीटर दोर सोडून खलाशी झोंपले. भरतीनें पाणी ५ मीटर वाढलें. आतां उंची साडेदहा मीटर झाली, पण दोर तेवढाच. म्हणजे तो पांच पट न राहतां अडीच पटीहून थोडा अधिक एवढाच उरला. ताणलेल्या दोराचा तळाशीं होणारा कोन साडेअकरा अंशांवरून बावीस अंशांपर्यंत गेला, नांगर ढिला झाला, आणि होडी निघाली शेजाऱ्याच्या अंगावर. येथें साडेबावन्न मीटर दोर हवा होता. नाळेची उंचीही या हिशेबांत धरावी लागते, हें पुष्कळजण विसरतात. आणि बैठक जितकी उंच बसवावी तितकी ही उंची वाढते.

बैठकीच्या निवडीचा पहिला प्रश्न असा कीं, नांगर कोणता? आपल्याकडे चार नखांचा नांगर फार चालतो. खडकांत तो चांगला अडकतो, मऊ चिखलांत मात्र त्याचीं बारीक नखें दही कापावें तशीं निघून येतात. शिवाय चारी बाजूंस नखें असल्यामुळें तो सपाट शिंगांत नीट बसत नाहीं. अशा नांगराला रूळ फक्त दोरापुरता ठेवावा आणि नांगर आंत उचलून घेऊन फळीवर बांधावा, हेंच बरें. शिंगांत आपोआप येऊन बसणारा नांगर म्हणजे फाळाचा. केंब्रिजचे प्रसिद्ध गणिती जेफ्री इन्ग्रॅम टेलर यांनीं १९३३ सालीं शेतांतील नांगराचा फाळ पाहून पाण्यांतला नांगर बनविला. इंग्रजांना या दोन वस्तूंसाठीं दोन शब्द लागतात. मराठीनें दोहोंनाही आधींपासून एकच नांव देऊन ठेवलें आहे, याची मला मोठी मौज वाटते. हा नांगर जमिनींत नांगरल्यासारखा शिरतो आणि वर ओढल्यावर त्याची दांडी शिंगांत सरकून फाळ रुळाखालीं घट्ट बसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत निघालेला रुंद पात्यांचा डॅनफोर्थ नांगर चिखल व वाळू यांत उत्तम धरतो. परंतु त्याची आडवी दांडी लांब असल्यानें अरुंद बैठकींत तो अडतो. म्हणून दुकानांत जातांना नांगर बरोबर न्यावा, किंवा पुठ्ठ्यावर त्याची आकृति कापून न्यावी. बैठक आधीं घेऊन मग तिच्यांत मावेल असा नांगर शोधणें, हा टोपी पाहून डोकें निवडण्याचा प्रकार होय.

दुसरा प्रश्न, शिंग पुढें किती यावें? फार आंखूड असेल तर वर येणारा नांगर झोका घेऊन नाळेवर आदळतो व फळ्या फोडतो. फार लांब असेल तर तरफेचा नियम आडवा येतो. नाळेचें टोंक हा टेकू. शिंग त्याच्यापुढें ३० सेंटिमीटर आलें आहे, मागचा बोल्ट टेकूपासून ६० सेंटिमीटरांवर आहे, आणि लाटेच्या हिसक्यानें टोंकाशीं ५०० किलोचा जोर खालीं आला, असें समजूं. मागच्या बोल्टला वर उपटूं पाहणारा जोर २५० किलोचा झाला. तेंच शिंग ६० सेंटिमीटर पुढें काढलें कीं तो जोर पुरा ५०० किलो होतो. यासाठीं शिंग नांगर नाळेला लागणार नाहीं इतकेंच पुढें काढावें, त्याहून एक बोटही अधिक नको, आणि आंतला भाग मात्र जागा मिळेल तितका लांब ठेवावा. खाडींत होड्या एकमेकींस लागून उभ्या असतात. ओहोटीला त्या गाळावर कलंडतात. तेथें पुढें आलेलें लांब शिंग शेजारच्या होडीच्या कुशींत शिरतें व मग किनाऱ्यावर जी भाषा ऐकूं येते ती आकाशवाणीवरून सांगण्यासारखी नसते.

रूळ मोठ्या व्यासाचा घ्यावा. दोर लहान वळणांत मोडला तर त्याचे बाहेरचे धागे ताणले जातात व आंतले चुरगळतात. दोराच्या जाडीच्या निदान सहापट व्यास असावा, म्हणजे २० मिलिमीटरच्या दोराला १२० मिलिमीटरचा रूळ. नायलॉनचा रूळ टिकाऊ खरा, परंतु तो पाणी पिऊन फुगतो. त्याच्या भोंकांत व आंसांत थोडी मोकळीक न ठेवल्यास कांहीं दिवसांनीं तो फिरेनासा होतो, आणि न फिरणारा रूळ कांठाहून बरा नव्हे. रुळाच्या दोन्ही बाजूंचे गाल उंच व गोलसर कडांचे असावेत, आणि वरून दोराला अडविणारी काढघालीची खीळ असावी, नाहींतर आडव्या लाटेंत दोर उडी मारून बाहेर येतो. धातूविषयीं म्हणाल तर जाड जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड साध्या होडीला पुरतें. स्टेनलेस पोलाद चकचकीत दिसतें, पण त्यालाही ओल्या लांकडांत, जेथें वारा पोंचत नाहीं तेथें, गुपचूप गंज चढतो. तांबें किंवा पितळ मात्र जस्ती लोखंडाला लावूं नये. खाऱ्या पाण्यांत या जोडीची विजेची घटमाळाच बनते आणि जस्त झपाट्यानें खाल्लें जातें.

बसविण्याचा काळ म्हणजे पावसाळा. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते व होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मात्र भिजलेल्या लांकडांत भोंकें पाडून राळ भरूं नये. ताडपत्री घालून नाळ आधीं चांगली सुकूं द्यावी. बैठक नाळेच्या मध्यापासून थोडी एका बाजूला, आणि जाळें ज्या बाजूनें ओढतात तिच्या उलट बाजूला घ्यावी. नाळेजवळ फळी वर चढलेली असते, म्हणून खालीं सागाचा पाचरीसारखा ठोकळा नीट बेतून बसवावा. बोल्ट आरपार जाणारे हवेत. स्क्रू कितीही लांब असले तरी लांकूड फाटून निघतात. आंतल्या बाजूस नटाखालीं नुसते वायसर न घालतां जाड पोलादी पट्टी द्यावी, म्हणजे जोर पसरतो. फायबरच्या होडीला येथें विशेष जपावें लागतें. दोन पातळ थरांमध्यें लांकूड असलेल्या ठिकाणीं भोंक पाडल्यास पाणी आंत मुरून लांकूड कुजतें. तेथें भोंक मोठें पाडून तें इपॉक्सीनें भरावें व तें कठीण झाल्यावर त्यांत बोल्टाच्या मापाचें भोंक पाडावें.

एक गोष्ट मी तांडेलांना नेहमीं आवर्जून सांगतों. रूळ दोराला वाट दाखविण्यासाठीं आहे, होडी धरून ठेवण्यासाठीं नव्हे. रात्रभराचा ताण, विशेषतः वादळाचा, मागच्या भक्कम खुंटावर यावा, आणि तो खुंट तळाच्या कण्याशीं, ज्याला होडी बांधणारे पठाण म्हणतात त्याशीं, जोडलेला असावा. दोर बैठकीच्याच कड्याला बांधून निजणाऱ्यांची बैठक एखादे दिवशीं बोल्टांसकट समुद्रांत जाते. तसेंच होडी चालूं असतां नांगर खिळीनें व दोरीनें दुहेरी बांधावा. लाटेनें तो सुटून पडला तर त्याचा दोर होडीखालून जाऊन पंख्यांत गुंततो, आणि मग इंजिनही गेलें व नांगरही गेला.

सर्व बसवून झाल्यावर पहिल्या उधाणाला, शांत वाऱ्यांत, नांगर टाकून पुरेसा दोर सोडावा व इंजिन उलटें चालवून हळूहळू ताण द्यावा. त्या वेळीं एका माणसानें आंत वांकून पट्टीवर हात ठेवावा. ती हलली तर हाताला आधीं कळतें, डोळ्याला मागाहून. दोराच्या वाटेंत मात्र कोणी उभें राहूं नये. नवें लांकूड दबतें, म्हणून आठ दिवसांनीं नट पुन्हां आंवळावेत, आणि रुळाच्या आंसाला ग्रीस देतांना तो हातानें एक पूर्ण फेरा फिरवून पाहावा.